प्लगवरची तीन अक्षरं

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणाऱ्याच्या वाट्याला वर्षातून दोन-चार वेळा एक ठरलेली बातमी येतेच. कुठल्यातरी शाळेनं भली मोठी रांगोळी काढलेली असते, कुठल्या मंडळानं अजस्र मोदक केलेला असतो, आणि प्रेसनोटच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'गिनीज बुकात नोंद होणार'. नोंद झाली का, हे पुढं कोणी विचारत नाही. आणि हे गिनीज कोण, हे तर त्याहून कोणी विचारत नाही.

तर गिनीज ही बीअर आहे. काळीशार, वर पांढरा फेस, गाव डब्लिन. 1951 साली या कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर सर ह्यू बीव्हर आयर्लंडमध्ये शिकारीला गेले होते. शिकारीच्या पक्ष्यांत सगळ्यात वेगानं उडणारा कोणता, यावरून तिथं वाद झाला आणि कुठल्याच पुस्तकात उत्तर सापडेना. असे वाद आपल्या पबांमध्ये रोज होत असणार, मग त्यांचा निकाल लावणारं पुस्तक आपणच का काढू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. 1955 मध्ये ते पुस्तक निघालं. म्हणजे आपण जे सर्टिफिकेट फ्रेम करून हेडमास्तरांच्या खोलीत लावतो, त्याचं मूळ बीअर पिणाऱ्यांची भांडणं मिटवण्यात आहे. असो.

गंमत अशी की याच घराण्यातल्या एका माणसानं स्वतः विश्वविक्रम केला होता, पुस्तक निघायच्या 33 वर्षं आधी, आणि तोही विमानाचं इंजिन बसवलेल्या गाडीवर. आजची पोस्ट त्या माणसाबद्दल, त्याच्या चुलतभावाबद्दल आणि बीअरचा पैसा आकाशात कसा गेला याबद्दल. लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात 1759 ची. आर्थर गिनीज नावाच्या माणसानं डब्लिनमध्ये सेंट जेम्सेस गेट इथली एक बंद पडलेली ब्रुअरी भाड्यानं घेतली. भाडं वर्षाला 45 पौंड, आणि भाडेपट्टा 9,000 वर्षांचा! आपल्या एमआयडीसीत प्लॉट मिळतो तो 95 वर्षांच्या पट्ट्यानं, तेवढ्यात आपण कायमचं मिळालं समजतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत ती ब्रुअरी वाढत वाढत जगातली सगळ्यात मोठी झाली. 1886 मध्ये आर्थरचा पणतू एडवर्ड सेसिल गिनीज यानं कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात आणले आणि तो ब्रिटनमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला. पुढं त्याला सरदारकी मिळाली, लॉर्ड आयव्हा असं नाव झालं. लंडन आणि डब्लिनमधल्या गरिबांसाठी घरं बांधायला त्यानं मोठा पैसा दिला, हेही इथंच सांगतो, कारण पुढं मी या घराण्याबद्दल थोडं तिरकस बोलणार आहे.

या कंपनीची एक सवय होती. ती शिकलेली, प्रयोग करणारी माणसं नोकरीला ठेवायची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्यांना 'स्टुडंट्स टी-टेस्ट' आठवत असेल. तो 'स्टुडंट' म्हणजे गिनीजचा कर्मचारी विल्यम गॉसेट. बार्ली आणि हॉप्सचे थोडेसे नमुने बघून सगळ्या मालाचा अंदाज कसा बांधायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. कंपनीचा नियम असा की नोकरानं स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापायचा नाही, म्हणून त्यानं टोपणनाव घेतलं. मोजायचं, तपासायचं, जुळवून बघायचं, ही त्या कारखान्याची हवाच होती.

आता मुख्य माणूस. केनेल्म ली गिनीज, जन्म 1887, डब्लिन. लॉर्ड आयव्हाचा पुतण्या. ब्रुअरीची सूत्रं काकाकडं, पण घरात पैसा भरपूर. केनेल्म आणि त्याचा थोरला भाऊ अल्जरनॉन, दोघांनाही मोटारींच्या शर्यतीचं वेड. सुरुवातीला थोरला गाडी चालवायचा आणि धाकटा शेजारी मेकॅनिक म्हणून बसायचा. तेव्हाच्या शर्यतीत मेकॅनिक गाडीतच असायचा, कारण गाडी कधी बंद पडेल याचा नेम नसे.

बंद पडायची ती बहुतेक वेळा प्लगमुळं.

ज्यांनी लुना, एम-एटी, राजदूत चालवली आहे त्यांना प्लग समजावून सांगायची गरज नाही. गाडी आचके द्यायला लागली की पाना काढायचा, प्लग खोलायचा, काजळी पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. नव्या पोरांसाठी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात आतला वायू पेटवायला ठिणगी लागते. ती प्लगच्या टोकाशी पडते. मधून एक तार जाते, बाहेर लोखंडी कवच असतं, आणि दोघांच्या मध्ये वीज पळून जाऊ नये म्हणून चिनीमातीचा थर असतो. तो थर तडकला की ठिणगी टोकाला पडायच्या ऐवजी मधूनच गळते, आणि ते सिलिंडर मेलं म्हणून समजा.

शर्यतीच्या इंजिनात उष्णता इतकी व्हायची की त्या काळची चिनीमाती टिकत नसे. केनेल्मनं तिच्या जागी अभ्रक वापरून बघितलं. अभ्रकाचे कागदासारखे पातळ पापुद्रे निघतात, ते तडकत नाहीत, उष्णता सोसतात आणि वीज अडवतात. जुन्या इस्त्रीच्या कॉइलमध्ये जो चकचकीत पापुद्रा दिसायचा, तोच. त्या पापुद्र्यांच्या चकत्या एकावर एक रचून, दाबून त्यानं प्लग तयार केला. लंडनच्या कडेला पुटनी व्हेल भागात एक जुनं पब होतं, 'बाल्ड फेस्ड स्टॅग' नावाचं. त्या पबच्या जागेत त्याचं वर्कशॉप. दारूच्या घराण्यातला पोरगा, आणि कारखाना निघाला तो पबात. हे मी रचून सांगत नाही. प्लगवर त्यानं आपल्या नावाची तीन आद्याक्षरं घातली, के. एल. जी.

सुरुवातीला हे प्लग शर्यतीतल्या मित्रमंडळींसाठीच होते. 1914 च्या जूनमध्ये केनेल्मनं आइल ऑफ मॅनची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत सनबीम गाडीवर जिंकली. दोन महिन्यांच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं आणि शर्यती बंद पडल्या.

इथून ही हौसेची गोष्ट राहत नाही. 1914 मधलं विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. ते पडायला शत्रूची गोळीच लागायची असं नाही, इंजिनानं दगा दिला तरी पुरे. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. आकाशात, तेही शत्रूच्या खंदकांवर, ढकलायला कोण येणार? म्हणून विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन दोन प्लग द्यायची पद्धत पडली, एक गेला तर दुसरा राहावा. बारा सिलिंडरचं इंजिन म्हणजे चोवीस प्लग. दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान म्हणजे अठ्ठेचाळीस. आणि हे प्लग कायम टिकणारे नव्हेत, सारखे बदलावे लागायचे. अशी हजारो विमानं. पुटनी व्हेलचं वर्कशॉप बघता बघता कारखाना झालं, आणि पुरुष आघाडीवर गेल्यामुळं इंग्लंडच्या बाकी कारखान्यांसारख्याच इथंही बाया कामाला आल्या.

आता यातलं अभ्रक कुठून यायचं? त्या काळी जगाला चांगल्या प्रतीचं पापुद्र्याचं अभ्रक पुरवणारा सगळ्यात मोठा देश होता हिंदुस्थान. बिहारातला कोडरमा, हजारीबाग, गया हा पट्टा, आणि खाली नेल्लोर. युद्धात हे अभ्रक इतकं मोलाचं ठरलं की शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारनं त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. खाणीतून निघालेला दगडी तुकडा घेऊन त्याचे पापुद्रे सुटे करायचे, हे काम हातानंच व्हायचं. त्याला बायका आणि पोरं बसायची, कारण बोटं बारीक हवीत आणि मजुरी कमी द्यायची असायची. एका पापुद्र्याची जाडी नखानं तपासणारी कोडरम्याची बाई आणि ढगात उडणारा विशीतला इंग्रज वैमानिक, यांनी एकमेकांचं नावही कधी ऐकलं नसणार. त्याचं विमान मात्र तिच्यासारख्या हातांतून गेलेल्या पापुद्र्यावर उडत होतं.

पुढचंही सांगून टाकतो. त्या खाणी बहुतेक बंद पडल्या. पण झारखंडात टाकाऊ ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचणं आजही चालतं आणि त्यात लहान मुलं असल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. आता ते अभ्रक विमानात नाही, लिपस्टिकच्या चमकीत आणि गाडीच्या रंगात जातं.

परत केनेल्मकडं. युद्ध संपलं, विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांकडं माल पडून राहिला. सनबीम कंपनी स्वतः विमानाची इंजिनं बनवायची. त्यांच्या लुई कोटालेन नावाच्या इंजिनिअरनं विमानाचं बारा सिलिंडरचं, 18 लिटरचं इंजिन एका गाडीत बसवलं. आपली साधी मोटार एक-दीड लिटरची असते, त्यावरून अंदाज करा. 17 मे 1922 या दिवशी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर केनेल्मनं ती गाडी ताशी 133.75 मैल, म्हणजे 215 किलोमीटरनं पळवली. जमिनीवरच्या वेगाचा विश्वविक्रम! पुढं माल्कम कॅम्पबेलनं हीच गाडी विकत घेतली, निळा रंग दिला, 'ब्लू बर्ड' नाव ठेवलं आणि तिच्यावर नवे विक्रम केले. नाव कॅम्पबेलचं झालं.

केनेल्मची शर्यत 1924 मध्ये संपली. स्पेनमध्ये सान सेबास्टियनच्या शर्यतीत गाडी उलटली, शेजारी बसलेला मेकॅनिक टॉम बॅरेट जागीच गेला आणि केनेल्म जबर जखमी झाला. त्यानंतर तो पहिल्यासारखा कधीच झाला नाही. काही वर्षांत प्लगची कंपनी स्मिथ्स या मोठ्या कंपनीकडं गेली. 1937 मध्ये केनेल्म वारला, पन्नाशीही झाली नव्हती. बॅरेटबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत एक ओळ असते. पूर्वी केनेल्म स्वतः ज्या जागी बसायचा, त्याच जागी तो बसलेला होता.

आता चुलतभाऊ. लॉर्ड आयव्हाचा मधला मुलगा आर्थर अर्नेस्ट गिनीज. हा मात्र ब्रुअरीतला माणूस, आणि डोकं इंजिनिअरचं. यंत्र दिसलं की विकत घ्यायचं, हा स्वभाव. 1921 मध्ये त्यानं एक मोठं शिडाचं जहाज घेतलं, 'फँटोम टू' नाव दिलं आणि बायको-मुलींना घेऊन जगाची फेरी मारून आला. 2024 मध्ये ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसहून फ्रान्सला ज्या 'बेलेम' नावाच्या जुन्या जहाजातून आली, ते हेच. टीव्हीवर तुम्ही बघितलंही असेल.

जहाजानंतर विमान. तेही साधं नाही, पाण्यावर उतरणारं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन गावात सुपरमरीन नावाची कंपनी होती. तिनं डेन्मार्कच्या नौदलासाठी तीन इंजिनांचं, टॉर्पेडो टाकणारं विमान बनवलं होतं, नाव 'नॅनोक'. 1927 मधल्या चाचणीत ते डेन्मार्कवाल्यांच्या अपेक्षेला उतरलं नाही आणि सौदा फिसकटला. कंपनीच्या गळ्यात पडलेलं हे धूड अर्नेस्टनं 1928 मध्ये घेतलं, आतून दिवाणखान्यासारखं सजवून घेतलं, 'सोलेंट' असं नवं नाव दिलं आणि त्यातून तो इंग्लंडहून आयर्लंडला जायला लागला. डब्लिनजवळच्या बंदरात थांबायचं आणि पुढं आपल्या अॅशफर्डच्या वाड्याशेजारच्या कॉरिब तळ्यात उतरायचं. लढाईसाठी बांधलेलं विमान, आणि काम काय, तर मालकाला घरी सोडणं.

मग त्यानं सुपरमरीनला खास नवं विमान बनवायला सांगितलं, त्याचं नावच 'एअर यॉट'. ते 1930 मध्ये उडालं, पण साहेबांना पसंत पडलं नाही. त्यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं, आणि हे पुढं एका श्रीमंत बाईला विकावं लागलं.

हे वाचून हसू येतं. मलाही आलं. आपल्याकडं नवरदेव हेलिकॉप्टरमधून उतरतो तेव्हा जे वाटतं तेच. पण सुपरमरीनमध्ये या विमानांचे आराखडे ज्याच्या हाताखाली होत होते तो मुख्य डिझायनर म्हणजे आर. जे. मिचेल. त्यानंच पुढं स्पिटफायर काढलं. 1936 मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि 1940 मध्ये लंडनच्या आकाशात जर्मन विमानांना भिडलं. आता लगेच कोणी म्हणू नका की बीअरच्या पैशानं स्पिटफायर झालं. तसं म्हणणं खोटं ठरेल. मिचेलचं खरं शिक्षण सरकारी ऑर्डरींवर आणि श्नायडर ट्रॉफीच्या शर्यतीच्या विमानांवर झालं. 1931 च्या त्या शर्यतीला सरकारनं हात आखडता घेतला तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य विधवेनं एक लाख पौंड दिले होते. मुद्दा एवढाच की सरकारी ऑर्डर नसलेल्या वर्षांत कारखान्याचे सुतार, फिटर, ड्राफ्ट्समन कामावर राहावे लागतात. ती माणसं एकदा पांगली की युद्ध आलं म्हणून रातोरात उभी करता येत नाहीत. कोणाच्या तरी हौसेतून त्यांचा पगार निघत होता.

आणि 1940 मध्ये त्या स्पिटफायरचं, त्याच्या जोडीच्या हरिकेनचंही इंजिन होतं मर्लिन. सिलिंडर बारा, प्लग चोवीस. ते प्लग पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये के. एल. जी. होती. काढणारा तीन वर्षांपूर्वी गेला होता, अक्षरं उडत होती.

घराण्याची आणखी एक शाखा होती, ती बँकवाली. तिचा बीअरच्या कारखान्याशी थेट संबंध नाही, पण आडनाव तेच. त्या शाखेतला लोएल गिनीज 1929 पासून स्वतःचं विमान बाळगून होता, 1931 पासून खासदार होता, आणि 601 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होता. ही स्क्वाड्रन म्हणजे हौशी वैमानिकांची राखीव तुकडी. आठवडाभर आपला धंदा, शनिवार-रविवार उडायचं. लंडनच्या एका उच्चभ्रू क्लबातल्या मंडळींमधून ती उभी राहिली, त्यामुळं लोक तिला 'लक्षाधीशांची स्क्वाड्रन' म्हणायचे. युनिफॉर्मच्या कोटाला आतून लाल रेशमी अस्तर लावणारी ही माणसं. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा यांच्यातल्या एकानं थेट पेट्रोल पंपच विकत घेतला, असा किस्सा सांगतात.

नुसतं एवढंच ऐकलं तर चीड येईल. पण 1940 च्या उन्हाळ्यात हीच तुकडी हरिकेन घेऊन वर गेली आणि तिच्यातली पोरं मेली. विली ऱ्होड्स-मूरहाउस सप्टेंबरमध्ये पडला. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये बिली फिस्क हा अमेरिकन गेला, तो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू होता. लोएल वाचला, ग्रुप कॅप्टन झाला. युद्धानंतर त्यानं एक जुनं सुरुंग काढणारं जहाज घेऊन ते जाक कूस्तो नावाच्या फ्रेंच समुद्रशोधकाला वर्षाला एक फ्रँक भाड्यानं दिलं. तेच ते प्रसिद्ध 'कॅलिप्सो'.

असं गिनीजच करत होते असं नाही. कॅनडातलं मॉल्सन घराणं 1786 पासून बीअर बनवतं. त्यांच्यातला हार्टलँड मॉल्सन आधी विमान कंपनी चालवायचा. 1940 मध्ये तो कॅनडाच्या पहिल्या स्क्वाड्रनमधून हरिकेन घेऊन लंडनच्या बाजूला लढला. 5 ऑक्टोबरला त्याचं विमान पाडलं गेलं, जखमी होऊन तो पॅराशूटनं उतरला. पुढं घरच्या ब्रुअरीचा अध्यक्ष झाला. आपल्याकडंही त्याच सुमारास फ्लाइंग क्लबांची हौस कामी आली होती. जुहूच्या मैदानावर उडायला शिकलेल्या जे. आर. डीं.ना 10 फेब्रुवारी 1929 ला पहिलं लायसन मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. पण 1939 मध्ये हिंदी हवाई दलाची राखीव तुकडी उभी करताना मुंबई-कराचीच्या किनाऱ्यावर गस्त घालायला जे वैमानिक मिळाले, त्यांच्यातही क्लबांत शिकलेले होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

गिनीज घराण्याचं सगळं गोड होतं असं समजू नका. ते इंग्रज राजवटीच्या बाजूचे. 1916 मध्ये डब्लिनमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी उठाव केला तेव्हा इंग्रज सैन्यानं गिनीजच्याच लॉऱ्यांवर लोखंडी बॉयलर बसवून चिलखती गाड्या केल्या आणि त्या रस्त्यांवर फिरवल्या. त्याच ब्रुअरीचे 800 हून जास्त कामगार पहिल्या महायुद्धात गेले, त्यातले 100 च्या वर परत आले नाहीत. कंपनीनं त्यांच्या नोकऱ्या राखून ठेवल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात घरातलेही गेले. अर्नेस्टचा धाकटा भाऊ लॉर्ड मोइन 1944 मध्ये कैरोत मारला गेला आणि थोरल्या भावाचा वारस मुलगा 1945 मध्ये हॉलंडच्या आघाडीवर.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. बीअर आणि विमान एकत्र म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं गिनीज येत नाही, लाल रंगाचं किंगफिशर येतं. 2005 मध्ये बीअरवाल्या विजय मल्ल्यांनी विमान कंपनी काढली. सात वर्षांत ती बसली. पायलट, इंजिनिअर, ग्राउंड स्टाफ यांना कित्येक महिने पगार नाही, आणि बँकांचं देणं व्याजासह 9,000 कोटींच्या घरात. त्यातली आपली स्टेट बँक सगळ्यात पुढं. अर्नेस्ट गिनीजनं तीन इंजिनांचं विमान सोफे टाकून घेतलं ते स्वतःच्या खिशातून. ते बुडालं असतं तर त्याचं बुडालं असतं. मला या दोन हौसांमध्ये एवढा एकच फरक महत्त्वाचा वाटतो. बाकी झगमगाट सारखाच.

आणि बघा धागा कसा फिरतो. 20 ऑक्टोबर 2012 ला किंगफिशर एअरलाइन्सचं लायसन निलंबित झालं. 9 नोव्हेंबरला, म्हणजे वीस दिवसांत, मल्ल्यांच्या युनायटेड स्पिरिट्स या दारू कंपनीतला मोठा हिस्सा घेण्याचा करार जाहीर झाला. घेणारी कंपनी डियाजियो. ही डियाजियो 1997 मध्ये कशी झाली? गिनीज आणि ग्रँड मेट्रोपॉलिटन या दोन कंपन्या एक होऊन. म्हणजे 1759 च्या त्या 45 पौंड भाड्याच्या ब्रुअरीची वारसदार कंपनी, विमानात हात पोळलेल्या दुसऱ्या दारूवाल्याचा धंदा घ्यायला आली. तोवर गिनीज घराण्याच्या हातात कंपनीचा कारभार राहिलेला नव्हता. फेब्रुवारी 2016 मध्ये मल्ल्यांनी अध्यक्षपद सोडावं म्हणून डियाजियोनं साडेसात कोटी डॉलर देण्याचं ठरवलं, आणि 2 मार्चला साहेब लंडनला गेले ते गेलेच. त्याच वर्षी उन्हाळ्यात मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हतं आणि औरंगाबाद खंडपीठाला वाळूजकडच्या बीअर कारखान्यांचं पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला होता. तेव्हा आपण सगळे टँकरच्या बातम्यांत होतो, या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला कोणाला फुरसत नव्हती.

गिनीज नावाचा विमानांशी शेवटचा संबंध अजून पुरता संपलेला नाही. 1975 मध्ये आयर्लंडमध्ये टोनी रायन नावाच्या माणसानं एर लिंगस ही विमान कंपनी आणि गिनीज पीट हा बँक व्यवसायातला समूह यांना सोबत घेऊन एक धंदा काढला. विमानं विकत घ्यायची आणि जगभरच्या कंपन्यांना भाड्यानं द्यायची. नाव गिनीज पीट एव्हिएशन. पुढं ती कंपनी अडचणीत आली, पण धंदा आयर्लंडमध्ये रुजला, आणि आज जगातली भाड्याची विमानं मोठ्या प्रमाणात डब्लिनमधल्या कंपन्यांच्या मालकीची आहेत. आपल्या देशातल्या कंपन्यांची बहुतेक विमानं भाड्याचीच. किंगफिशर बसली तेव्हा भाडेवाल्यांनी विमानं नेली. 2023 मध्ये गो फर्स्ट बसली तेव्हा ती परत न्यायला त्यांना वर्षभर कोर्टात भांडावं लागलं. पुण्याहून किंवा संभाजीनगरहून तुम्ही ज्या विमानात बसता, त्याचा खरा मालक बऱ्याचदा डब्लिनच्या एखाद्या ऑफिसात असतो.

पुटनी व्हेलचा के. एल. जी. कारखाना आता नाही. तिथं सुपरमार्केट आहे.

आपल्याकडं मात्र जुन्या वस्तू सहसा कोणी टाकत नाही. घरात आजोबांची बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशी एखादी जुनी विलायती मोटारसायकल किंवा तिच्या सुट्या पार्टांचा पत्र्याचा डबा असेल, तर त्यातले प्लग जरा पुसून बघा. तीन अक्षरं दिसली तर फोटो काढून मला पाठवा.